आईचा खाडा, लेकीची शाळा

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन दिवस पाठोपाठ येतात. १० जून हा मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाल्याचा दिवस. ती सुट्टी १८९० साली मिळाली. १२ जून हा बालमजुरीविरोधी जागतिक दिन आणि १६ जून हा घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय दिवस. याच सुमारास विदर्भ वगळता राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतात. तिन्ही दिवस आपापल्या ठिकाणी पाळले जातात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रतिमेला हार पडतो, कामगार खात्याची पथके हॉटेलांवर छापे घालतात, घरकामगारांच्या संघटना मोर्चे काढतात. पण हे तीन विषय सुटे सुटे नाहीत. कष्टकऱ्याचा पगार, त्याची सुट्टी आणि त्याच्या मुलाचे कामाला लागण्याचे वय हे एकाच हिशेबातले तीन रकाने आहेत. एका रकान्यातली तूट दुसऱ्यातून भरून काढली जाते. आईला भरपगारी रजा नसेल, तर तिच्या आजारपणाचा दिवस लेकीला शाळा बुडवून भरावा लागतो. आज जे म्हणायचे आहे ते एवढ्याचभोवती आहे.

आधी त्या रविवारची हकीकत, कारण ती बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले असल्यामुळे गिरणीच्या आतले जग त्यांनी स्वतः पाहिले होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्या निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा अंगावर येतो. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा. सकाळी साडेसहाला सुरू झालेली गिरणी सूर्य मावळताना थांबावी. मागच्या महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत काही मिळावे. रविवार का, याचे उत्तर लोखंड्यांनी कामगारांच्याच घरातून काढले. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला एक दिवस देवासाठी, घरासाठी आणि समाजासाठी हवा. सहा वर्षे हा पाठपुरावा चालला. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्यांत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्यानंतर दीड महिन्याने, १० जूनला, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

सुट्टी आली, पण तिचा पगार आला नाही. १८९१ च्या कायद्याने गिरणी एक दिवस थांबवली. त्या दिवशी कामगाराच्या घरची चूल कशावर पेटायची, याबद्दल कायदा गप्प राहिला. कमी पगाराच्या धंद्यांत ती उणीव अजूनही भरून निघालेली नाही.

त्या काळच्या कायद्यांतली वये पाहिली की आजचा वाचक थबकतो. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने कामाचे किमान वय ठरवले सात वर्षे. सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये आणि त्याला महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, एवढीच मर्यादा. मोठ्या माणसांना त्या कायद्याने एकही सुट्टी दिलेली नव्हती. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सातवर आले. १९२२ साली वय बारा झाले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाने कायद्यात, ते चौदा झाले. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली, आणि प्रत्येक पायरीवर एकच आक्षेप घेतला गेला: धंदा बुडेल, कामगाराचाच रोजगार जाईल. पहिल्या कायद्याच्या वेळी त्याला आणखी एक जोड होती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको आहे, म्हणून हा कायदा लादला जातोय, असे मालक म्हणत. त्यात तथ्य होतेच, आणि राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक पत्रांनी याच कारणासाठी कायद्याला विरोध केला. पण मँचेस्टरचा स्वार्थ खरा असला, तरी सात वर्षांच्या मुलाचे नऊ तासही खरेच होते. लोखंडे आणि त्यांच्याआधी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्या मुलाकडे पाहिले. आजही कामगार कायद्याची चर्चा निघाली की देशाची स्पर्धाशक्ती आणि उद्योगस्नेही वातावरण हे शब्द पुढे येतात, तेव्हा हा इतिहास आठवायला हवा. मुंबईच्या गिरण्या पुढे बंद पडल्या त्या रविवारच्या सुट्टीमुळे नाहीत.

या जुन्या कायद्यांत आणखी एक आकडा आहे आणि आम्हाला तो वयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८८१ चा कायदा शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होता. १८९१ मध्ये ही संख्या पन्नासवर आली, १९२२ मध्ये विसावर, आणि १९४८ मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहावर. दुकानांच्या बाबतीत १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने तर माणसांची अटच ठेवली नव्हती. एकच नोकर असलेले किराणा दुकानही त्यात येई. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे कायद्याचा पदर खाली खाली येत होता, मोठ्या गिरणीपासून छोट्या दुकानापर्यंत. आता तो उलटा वर चालला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना रजेच्या तरतुदींतून बाहेर काढले. त्यांनी फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याला आणि दिवसाच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्याला मंजुरी दिली. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यांतही कारखान्याची व्याख्या दहावरून वीसवर आणि विजेशिवाय चालणाऱ्या कारखान्यासाठी विसावरून चाळीसवर गेली.

या संहितांत चांगले काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. भरपगारी वार्षिक रजेसाठी आधी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. हंगामी आणि कंत्राटी माणसाला याचा खरा उपयोग आहे. किमान वेतन पूर्वी अनुसूचीतल्या ठराविक धंद्यांनाच होते, ते वेतनसंहितेने सर्व रोजगारांना दिले. पण रजेचा हक्क ज्या संहितेत आहे ती दहा माणसांपासून पुढे लागू होते. आपल्या राज्यातली कमी पगाराची बहुतेक कामे कुठे चालतात ते पाहा. नाक्यावरच्या चहाच्या टपरीत एक पोऱ्या, गॅरेजमध्ये दोघे, पापड लाटायला चौघीजणी, ब्युटी पार्लरमध्ये तिघी, गल्लीतल्या खाणावळीत पाचजण, इमारतीच्या दाराशी एक वॉचमन, स्वयंपाकघरात एक बाई. जिथे पगार सर्वांत कमी तिथेच माणसे सर्वांत कमी, आणि तिथेच रजेचा कायदा संपतो.

पूर्वी दुकानांच्या दारावर पाटी असायची: ‘सोमवारी बंद’, ‘मंगळवारी बंद’. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे कायद्याने बंधनकारक होते. त्यामुळे एकट्या नोकरालाही ती सुट्टी आपोआप मिळे. मालकाकडे मागावी लागत नसे, आणि मागितल्याबद्दल टोमणाही खावा लागत नसे. २०१७ च्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवायला मुभा दिली. ग्राहकाची सोय झाली, व्यापाऱ्याची झाली. मोठ्या मॉलमध्ये नोकरांना आळीपाळीने सुट्टी देता येते आणि कायदा ती द्यायलाही लावतो. पण एकुलत्या एका नोकराच्या दुकानात पाळी कुणाशी लावायची? त्या एका पाटीबरोबर त्याचा सोमवार गेला. विधिमंडळात हा कायदा मंजूर होताना या माणसाची बाजू कुणी तळमळीने मांडायला हवी होती.

आता पगाराकडे वळू. महाराष्ट्रात किमान वेतनाची अधिसूचना कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणींनुसार आणि परिमंडळांनुसार महिन्याचा दर सांगते. जानेवारीत आणि जुलैत महागाईनुसार विशेष भत्ता बदलतो. महिन्याच्या दराला २६ ने भागले की दिवसाचा दर येतो. २६ च का, याचे उत्तर सरळ आहे. महिन्यातल्या चार साप्ताहिक सुट्ट्यांचा पगार त्या मासिक दरातच धरलेला आहे. कंत्राटदार नेमका इथे हात मारतो. समजा, एका सफाई कामगाराचा महिन्याचा दर १३ हजार रुपये आहे. २६ ने भागले तर दिवसाचे ५०० होतात, आणि २६ हजेऱ्या भरल्या की पूर्ण १३ हजार हातात पडायला हवेत. कंत्राटदार ३० ने भागतो. दिवसाचे ४३३ रुपये झाले. मग तो भरलेल्या २६ दिवसांचेच पैसे देतो: ११,२६६. कामगाराला विचारले तर तो सांगेल, “सुट्टीचे कापले.” त्याला वाटते हे रीतसरच आहे. महिन्याला १,७३३ रुपये, वर्षाला २०,८०० रुपये, म्हणजे दीड महिन्याहून जास्त पगार, केवळ एका भागाकारात गेला. मग तो रविवारीही कामावर येतो, कारण घरी बसला तर पैसे जातात. कागदावर सुट्टी आहे, हजेरीपत्रकावर तीस दिवस भरलेले आहेत, आणि या दोन्ही गोष्टी एकाच फायलीत सुखाने राहतात. सरकारी कचेऱ्या, महापालिका, रुग्णालये, शिक्षणसंस्था या सर्वांच्या सफाईची आणि पहाऱ्याची कामे आज कंत्राटावर आहेत. बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने तीसचा भागाकार एकदा लाल शाईने परत पाठवला, तर पुढच्या महिन्यात तो दुरुस्त होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि कामावरची मुले कुठून येतात? पुण्यातल्या, ठाण्यातल्या किंवा नाशिकमधल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या दारात सकाळी साडेसहाला उभे राहावे. बायका येऊ लागतात. गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचा क्रमांक टाकला जातो आणि वर आठव्या मजल्यावरच्या ताईंच्या मोबाइलवर निरोप जातो: तुमच्या मदतनीस आल्या आहेत. किती वाजता आली, किती वाजता गेली, महिन्यात किती दिवस आली नाही, सगळे मिनिटाच्या हिशेबात नोंदले जाते. गिरणीच्या हजेरीबुकाइतकी अचूक हजेरी आज घरकामाला लागू झाली आहे. पण त्याच ॲपमध्ये तिची शिल्लक रजा दाखवणारा रकाना नाही, कारण रजाच नाही. महिन्याचे दोन दिवस कुणी देते, कुणी देत नाही. बहुतेक घरांत मुलाची परीक्षा, पाहुणे, गौरी-गणपती, दिवाळी पाहून रजेचे ठरते. दिवाळीत तर सर्वांत जास्त काम असते, आणि आपल्या घरी फराळ करायला तिला रात्रीचे दहा वाजतात.

ती आजारी पडली की काय होते, हे आपण सगळे जाणतो. पहिल्या दिवशी फोन येतो, “ताई, आज अंगात ताप आहे.” दुसऱ्या दिवशी ताईंचा आवाज बदलतो. तिसऱ्या दिवशी दारात एक मुलगी उभी असते. तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, कधी शाळेच्या गणवेशाचाच स्कर्ट. “आईला बरं नाही, मी आलेय.” आणि दार उघडले जाते. ती भांडी घासते, केर-फरशी करते, बादली तिला नीट उचलत नाही म्हणून पाणी सांडते. दोन घरे झाली की तिसरे. शाळेत त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजेरी पडते. हे चार दिवसांचे प्रकरण नसते. आईची कंबर दुखते, आजी वारते, गावाला जावे लागते, बाळंतपण येते. वर्षभरात असे दिवस साठत जातात आणि नववीच्या सुमारास ती मुलगी स्वतःचे एक घर धरते. कुणीही तिला कामाला लावले नाही, सगळ्यांनी फक्त दार उघडले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामात आणि ढाबे, हॉटेले, चहाच्या टपऱ्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी घातली. सवलत आहे ती फक्त शाळेनंतर आणि सुट्टीत स्वतःच्या घरच्या व्यवसायात हातभार लावण्यापुरती आणि बालकलाकारांना. दुसऱ्याच्या घरची भांडी हा घरचा व्यवसाय होत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे त्या मुलीला आत घेणारे घर. हे वाचून कुणी घाबरावे, एवढ्यासाठी आम्ही लिहीत नाही. मुलीला दारातून परत पाठवले आणि आईचे चार दिवस कापले, तर कायदा पाळला जाईल पण घरात पैसे कमी येतील. मग ती मुलगी दुसऱ्या कुठल्या तरी दारात जाईल. बालमजुरीवरचा उपाय आईच्या पगारी रजेतून जातो, हे आपल्या धोरणांत कुठेच दिसत नाही. छापे घालणारे पथक वेगळे, किमान वेतनाचा निरीक्षक वेगळा, शाळाबाह्य मुलांची मोजणी करणारे शिक्षक वेगळे. एका झोपडीतले तीन प्रश्न तीन खात्यांत विभागले गेले आहेत.

उसाच्या फडात याहून कठोर रूप दिसते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की पाचशे रुपयांपर्यंत दंड उचलीतून वळता होतो, हे ऊसतोड बायकांनी वारंवार सांगितले आहे. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना, बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यातही मोळी डोक्यावर चढते. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली चौकशी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे खासगी डॉक्टरांची लूट आहे, अज्ञान आहे, लहान वयातली लग्ने आहेत. पण खाडा परवडत नाही, हेही आहे. महिन्याचे दोन दिवस भरपगारी रजा मिळाली असती तर त्यांतल्या काही जणी तरी ऑपरेशनच्या टेबलावर चढल्या नसत्या. आणि आई-बाप फडात असताना धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी कोपीवर थांबते. तिची शाळा गावात, दोनशे किलोमीटर मागे राहिलेली असते.

चौदा ते अठरा या वयाबद्दल थोडे. या मुलांना धोकादायक कामे सोडून इतरत्र काम करता येते. मात्र संध्याकाळी सातनंतर त्यांना राबवू नये, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी, आठवड्याला पूर्ण एक दिवस सुट्टी द्यावी, असे कायदा सांगतो. हॉटेलची खरी गर्दी सातनंतर सुरू होते, आणि तिथला सोळा वर्षांचा ‘बारक्या’ रात्री साडेअकराला टेबले पुसत असतो. पगारात तर या वयाची उघड फसवणूक आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवायची मुभा दिली होती. त्या मुभेची सवय मालकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे: “अजून शिकतोय, अर्धा रोज पुरे.” टेबल पुसायला शिकायला तीन वर्षे लागत नाहीत. नव्या वेतनसंहितेने दर ठरवताना कामाचे कौशल्य, भूभाग आणि कामातले कष्ट हे निकष सांगितले आहेत. तेव्हा समान कामाला वयामुळे कमी दर, ही प्रथा राज्याने नियमातच बंद करावी. ब्रिटनमध्ये किमान वेतन आजही वयानुसार कमी-जास्त आहे, आणि तेही आम्हाला पटत नाही. पण तिथे सतरा वर्षांच्या नोकरालाही वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजेचा हक्क आहे. आपण कमी दराची सवय लावून घेतली आणि रजा मात्र कधी दिलीच नाही.

“दहा घरी काम करणाऱ्या बाईची रजा कोण देणार?” हा प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच १९६९ साली देऊन ठेवले आहे. माथाडी कामगार एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. सकाळी एकाची पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून झालेल्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापली. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरतो, आणि त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि भरपगारी रजा भागते. देशात असे पहिल्यांदा आपल्याकडे झाले. पाठीवर शंभर किलोचे पोते वाहणाऱ्या, रोज मालक बदलणाऱ्या माणसाला जर रजेचा पगार मिळू शकतो, तर एकाच इमारतीत रोज ठरल्या वेळी येणाऱ्या बाईला का मिळू नये? तिची हजेरी तर ॲपमध्ये आहेच. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो कल्याणाचा कायदा आहे. त्यात मदत आहे, पण पगाराचा दर आणि रजेचा हक्क नाही. कर्नाटकाने आणि केरळने घरकामाला किमान वेतनाच्या कक्षेत कधीच आणले. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

खर्चाचाही हिशेब करून पाहू, कारण छोट्या दुकानदाराची अडचण खोटी नाही. वीस दिवसांमागे एक दिवस रजा म्हणजे पगाराच्या पाच टक्के. १३ हजार पगाराच्या नोकराला वर्षात पंधरा दिवस रजा दिली तर साडेसात हजार रुपये, म्हणजे महिन्याला सहाशे पंचवीस. चार माणसांच्या खाणावळीला महिन्याला अडीच हजार. थाळीमागे हे किती पडतात ते खाणावळवाल्याने स्वतः मांडून पाहावे; आकडा एक-दोन रुपयांच्या पुढे क्वचितच जाईल. तो भार ग्राहकाने उचलला पाहिजे, आणि थाळी दोन रुपयांनी महागली म्हणून तक्रार करता कामा नये.

घरकामगार स्त्रियांना हा हक्क कुणी शिकवावा लागला नाही. १९८० साली पुण्यात आजारपणामुळे चार दिवस न आलेल्या एका मोलकरणीला कामावरून काढले गेले. ते पाहून आसपासच्या बायकांनी काम थांबवले, आणि बघता बघता संप शहरभर पसरला. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच रजा होती. त्यातून पुणे शहरात मोलकरणींची संघटना उभी राहिली. ज्या बायकांना नावाने कुणी हाक मारीत नव्हते, त्यांनी लोखंड्यांच्या सभेतल्या त्या दोन स्त्रियांचेच बोलणे पुढे नेले.

राज्य सरकारकडे आमच्या मागण्या थोडक्या आणि करता येण्याजोग्या आहेत. वेतनसंहितेने सात दिवसांत एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचे वेतन, अशी तरतूद करायचा अधिकार सरकारला दिला आहे. माणसे किती आहेत हे न मोजता तो वापरावा. दुकाने कायद्यातली मर्यादा वाढवण्याऐवजी रजेपुरती काढून टाकावी. दहाखालच्या दुकानांना नोंदणीचे आणि परतावे भरण्याचे जाच माफ करा, आमची हरकत नाही. कागद माफ करता येतात, माणसाची विश्रांती माफ करता येत नाही. घरकामगार मंडळाला माथाडी मंडळासारखे लेव्ही आणि रजेचे अधिकार द्यावेत. आणि छाप्यात सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या आई-बापाला किमान वेतन आणि सुट्टी मिळते का, याची नोंद त्याच अहवालात घेणे सक्तीचे करावे.

कायदा येईपर्यंत वाचकांनी थांबायचे कारण नाही. हा अग्रलेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी कामाला येते, आणि त्या घरापुरते मालक आपणच आहोत. एका कागदावर लिहून द्या: महिन्याचे चार दिवस सुट्टी, वर्षाला पंधरा दिवस रजा, आजारपणाचे दिवस वेगळे, यांतल्या एकाचाही पगार कापला जाणार नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगनंतर हा विषय घ्या, म्हणजे एका घराचा चांगुलपणा सगळ्या इमारतीचा नियम होईल. वॉचमनच्या कंत्राटदाराचे बिल मागवा आणि भागाकार २६ चा आहे का ते पाहा. आणि या पावसाळ्यात आईला ताप आला म्हणून तिची मुलगी दारात उभी राहिली, तर तिला तिथूनच शाळेत पाठवा आणि आईचा एकही दिवस कापू नका.